एक्स्चेंज अनेक, डायल प्लॅन एक : कॉल राउटिंग एका जागी आणण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या कंपनीत दर कार्यालयाचं टेलिफोन एक्स्चेंज वेगळ्या वर्षी, वेगळ्या मॅनेजरने, वेगळ्या कंपनीचं घेतलं आहे, तिथल्या आयटी आणि ॲडमिनच्या लोकांसाठी हे पान आहे. डायल प्लॅन म्हणजे कुठला नंबर फिरवला की कॉल कुठे जायचा याचे नियम. ते सगळ्या एक्स्चेंजसाठी एका जागी कसे आणायचे, ते इथे सांगितलं आहे. समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच काल्पनिक कंपनी धरली आहे. तिच्या मुंबईच्या मुख्यालयात अव्हाया, हिंजवडीत सिस्को, चाकणच्या कारखान्यात पीआरआयवर (एका केबलमधून अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन) चालणारं जुनं डिजिटल ईपीएबीएक्स (कार्यालयाचं खासगी एक्स्चेंज), नागपुरात ॲस्टरिस्क या मुक्त सॉफ्टवेअरवर उभं केलेलं छोटं आयपी एक्स्चेंज, आणि सेल्सची मंडळी मायक्रोसॉफ्ट टीम्सवर.

म्हणजे सगळी एक्स्चेंज काढून एकच नवं बसवायचं का?

नाही. फोन, एक्स्टेंशन, बोर्ड, कॉल पिकअपचे ग्रुप, साहेबांची सेक्रेटरी लाइन, सगळं जिथल्या तिथे राहतं. एक्स्चेंजकडून फक्त एक अधिकार काढून घ्यायचा : जो नंबर आपला नाही तो कुठे पाठवायचा हे ठरवण्याचा. त्याला एवढंच शिकवायचं की नंबर तुझा असेल तर वाजव, नसेल तर मधल्या राउटिंग सर्व्हरकडे सोपव. कुठला नंबर कुठे राहतो याची वही या मधल्या सर्व्हरकडे असते. एक्स्चेंज बदललं तरी ही वही बदलत नाही. म्हणून विक्रेत्याला बोलावण्याआधी वही तयार करा. बहुतेक कंपन्या उलट क्रमाने जातात, आणि मग नव्याकोऱ्या सर्व्हरवर जुनाच गोंधळ चढवून बसतात.

आमचं वीस वर्षं चाललंय. हात कशाला लावायचा?

दोनच ठिकाणं असतील तर खरंच लावू नका. दोन एक्स्चेंजमध्ये एक थेट ट्रंक (एक्स्चेंजना जोडणारी लाइन) टाका आणि विसरून जा.

प्रश्न ठिकाणं वाढली की सुरू होतो. सगळी एकमेकांना थेट जोडायची तर चार ठिकाणांना ६ जोड लागतात, सहांना १५ आणि दहांना ४५. प्रत्येक जोडाचे नियम दोन्ही टोकांना लिहायचे. नाशिकला नवं कार्यालय उघडलं की आधीच्या प्रत्येक एक्स्चेंजमध्ये जाऊन बदल करायचा. त्यातल्या एकाचा पासवर्ड सोडून गेलेल्या माणसाकडे असतो, हे वेगळं सांगायला नको.

१५ जानेवारी २०२१ आठवून पाहा. त्या दिवसापासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. तोवर कित्येक ईपीएबीएक्समध्ये ‘लोकल चालू, मोबाइल चालू, एसटीडी बंद’ असा वर्ग असायचा. त्यातला एसटीडी-बंदीचा नियम साधा होता : लाइन घेतल्यावर पुढचा आकडा शून्य आला की अडव. नवा नियम लागू झाल्यावर मोबाइल नंबरही शून्याने सुरू होऊ लागला आणि एसटीडीसारखाच अडला. जिथे नियम प्रत्येक एक्स्चेंजमध्ये वेगळे होते, तिथे दर गावी माणूस पाठवावा लागला. राउटिंग एका जागी असेल तर माणसं हव्या त्या पद्धतीने नंबर फिरवतात, मधला सर्व्हर त्याला एका साच्यात बसवतो, आणि बाहेर सोडताना शून्य लावायचं की नाही ते एकाच ओळीत ठरतं.

एक कॉल प्रत्यक्षात कसा जातो ते सांगा.

चाकणच्या स्टोअरमधल्या माणसाचं एक्स्टेंशन २०३६. त्याला नागपूरच्या ४२१७ शी बोलायचं आहे. तो ८ ७१ ४२१७ फिरवतो. यात ८ म्हणजे ‘कंपनीतलंच दुसरं ठिकाण’ आणि ७१ म्हणजे नागपूर. ठिकाणांचे हे आकडे एसटीडी कोडवरून घेतले की लोकांच्या लक्षात राहतात : मुंबई २२, हिंजवडी २०, नागपूर ७१ आणि चाकण ३५. (चाकणचा कोड ०२१३५ आहे, पुण्याचा ०२० नव्हे. हे पुढे कायद्याच्या प्रश्नात आठवायचं आहे.)

चाकणचं एक्स्चेंज ८ पाहतं आणि सगळे आकडे पीआरआयवरून गेटवेकडे ढकलतं. गेटवे म्हणजे जुन्या लाइनी आणि नेटवर्क यांच्यामधला दुभाषा. तो त्याचा एसआयपी कॉल बनवतो (एसआयपी म्हणजे नेटवर्कवरून कॉल जोडण्याची भाषा). मधला सर्व्हर आधी कॉल कुठल्या दारातून आला ते बघतो, मग दोन्ही नंबर साच्यात घालतो. बोलावलेला नंबर ८७१४२१७ असाच राहतो, पण बोलावणारा २०३६ चा ८३५२०३६ होतो. मग तक्त्यात सर्वांत लांबपर्यंत जुळणारी ओळ शोधतो. ८७१ ने सुरू होणारं सगळं नागपूरला. नागपूर जिवंत आहे का? आहे. मग पुढचे ८७१ कापून नागपूरला नुसतं ४२१७ देतो, कारण त्या एक्स्चेंजला तेवढंच कळतं. तिकडून ‘वाजतोय’ असा १८० क्रमांकाचा एसआयपी निरोप परत येतो, फोन उचलला की २०० क्रमांकाचा.

घोटाळा बोलावणाऱ्याच्या नंबरात होतो. तो नुसता २०३६ असाच पाठवला, तर नागपूरच्या फोनवर ‘२०३६’ दिसतं. त्यांच्याकडे २०३६ कँटीनचा असेल, तर मिस्ड कॉल पाहून उलट फोन लावणारा माणूस कँटीनवाल्याशी बोलतो. मग तक्रार येते की ‘नवी सिस्टीम चुकीचे नंबर लावते’. चाचणी करताना फक्त फोन लागतो का ते पाहू नका. पडद्यावर दिसलेल्या नंबरावर उलटा फोन लावून बघा.

दोन ठिकाणी एकच एक्स्टेंशन आहे. नंबर बदलावे लागतील?

नाही, आणि बदलूही नका. व्हिजिटिंग कार्डं, भिंतीवर चिकटवलेल्या याद्या, लोकांच्या बोटांची सवय, या सगळ्यांशी भांडण होतं आणि त्यात आयटी कधीच जिंकत नाही. ठिकाणाचा कोड पुढे लावला की ४२१७ मुंबईतही राहतं आणि नागपुरातही. आपल्याच इमारतीत चार आकडे, बाहेरच्या ठिकाणाला सात.

एक तपासणी मात्र आधी करा. ८ ने सुरू होणारी एक्स्टेंशन कुठे आहेत का? असतील तर तिथलं एक्स्चेंज ८७१४ पर्यंत आल्यावर थांबून विचार करत बसतं की हे चार आकड्यांचं घरचं एक्स्टेंशन आहे की सात आकड्यांचं बाहेरचं. माणसाला वाटतं फोन बंद पडला. अशा वेळी दुसरा मोकळा आकडा निवडा, पण सगळीकडे तोच ठेवा. एका ठिकाणी ८ आणि दुसऱ्या ठिकाणी ७ अशी सवलत दिलीत की छापील डिरेक्टरी निरुपयोगी झाली.

ज्यांना थेट बाहेरून लागणारे नंबर आहेत त्यांच्यासाठी वहीतली मुख्य नोंद पूर्ण आंतरराष्ट्रीय रूपात ठेवा, म्हणजे अधिक ९१ आणि पुढे दहा आकडे. ई.१६४ या मानकाप्रमाणे असा नंबर जास्तीत जास्त १५ आकड्यांचा असतो. चाकणच्या ज्या एक्स्टेंशनांना बाहेरचा नंबरच नाही, त्यांना तो ओढूनताणून देऊ नका. तिथे सात आकडेच पुरेत.

जुन्या ईपीएबीएक्सला एसआयपी येत नाही. ते टाकून द्यायचं?

गेटवे बसवा. एका बाजूला ई१ केबल, दुसऱ्या बाजूला नेटवर्क केबल. एका ई१ पीआरआयवर बोलण्याचे ३० चॅनेल असतात, त्यामुळे ठिकाणांमधले आणि बाहेरचे कॉल एकाच पीआरआयमधून नेणार असाल तर आधी मोजणी करा. एक्स्चेंजला क्यूसिग (एक्स्चेंजनी पीआरआयवरून आपसात बोलण्याची भाषा) येत असेल तर बोलावणाऱ्याचं नावही पलीकडे दिसतं. साध्या पीआरआयवर बहुतेक वेळा फक्त नंबर जातो. मेसेज आल्याचा दिवा, फोन मोकळा झाल्यावर आपोआप उलटा लागणं, असल्या सोयी दोन वेगळ्या कंपन्यांच्या एक्स्चेंजमध्ये चालतील असं कुणी तोंडी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, समोर करून दाखवायला सांगा.

सगळ्यांचा आवाज मुंबईच्या सर्व्हरमधून फिरणार का? लिंक पुरेल?

राउटिंग सर्व्हर एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीसारखा आहे. गाडी कुठल्या फलाटाला लागेल ते सांगतो, गाडी चालवत नाही. कॉल जोडण्याचे संदेश त्याच्यातून जातात, आवाज मात्र चाकणच्या गेटवेपासून नागपूरच्या फोनपर्यंत थेट जातो. अपवाद दोन. मध्ये सेशन बॉर्डर कंट्रोलर (नेटवर्कच्या वेशीवर कॉल तपासणारं यंत्र) असेल तर आवाज त्याच्यातून जातो. आणि दोन टोकांची कोडेक (आवाजाचे आकडे करण्याची पद्धत) जुळत नसेल तर रूपांतर करणाऱ्या यंत्रातून जावा लागतो.

मोजमाप असं : जी.७११ कोडेकचा आवाज ६४ केबीपीएस, पण पॅकेटची वेष्टणं धरून इथरनेटवर एका दिशेला साधारण ८७. जी.७२९ चा आवाज फक्त ८ केबीपीएस, पण वेष्टणं तेवढीच, म्हणून प्रत्यक्षात ३१ च्या आसपास. आज लिंक स्वस्त आहेत. शक्य तिथे सगळीकडे जी.७११ ए-लॉ ठेवा आणि रूपांतराची भानगडच काढून टाका. आवाजाच्या पॅकेटना नेटवर्कमध्ये अग्रक्रम मात्र द्या, नाहीतर कुणीतरी बॅकअप सुरू केला की सगळे ‘हॅलो, हॅलो’ करत बसतात.

मधला सर्व्हरच पडला तर सगळी कंपनी मुकी होणार ना?

एकच ठेवलात तर होणार. कमीत कमी दोन हवेत, आणि दोन वेगळ्या शहरांत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ते ज्यांनी अनुभवलं त्यांना दुसरा सर्व्हर मुंबईतच का नको, हे समजावावं लागत नाही. तरीही एकाच रॅकमध्ये वर एक, खाली एक ठेवून ‘हाय अव्हेलेबिलिटी’ म्हणणारे भेटतात.

दोन सर्व्हर ठेवूनही लोक एका गोष्टीत फसतात. एसआयपीचं मूळ मानक म्हणजे जून २००२ चं आरएफसी ३२६१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज). त्याप्रमाणे यूडीपीवर (पोचपावतीशिवाय पॅकेट पाठवण्याची पद्धत) कॉलच्या पहिल्या निरोपाला उत्तर आलं नाही तर तो अर्ध्या सेकंदाने, मग एक, मग दोन, असं दुप्पट वेळाने पुन्हा पाठवला जातो आणि ३२ सेकंदांनी हार मानली जाते. दुसरा सर्व्हर शेजारी सज्ज उभा, पण एक्स्चेंज ३२ सेकंद पहिल्याचीच वाट पाहत बसलेलं. इतका वेळ कानात शांतता ऐकत कोण थांबतं? माणूस फोन ठेवतो, पुन्हा लावतो, पुन्हा तेच. ही मुदत दोन ते चार सेकंदांवर आणा, आणि एसआयपी ऑप्शन्सची ‘आहेस का’ ही विचारणा ठरावीक वेळाने चालू ठेवा, म्हणजे मेलेल्या सर्व्हरकडे कॉल जाणारच नाही. ऑप्शन्सचीही मर्यादा आहे. नागपूरचं एक्स्चेंज ‘आहे’ म्हणून उत्तर देत राहतं आणि त्याची पीआरआय मात्र सकाळपासून बंद असते.

दोन्ही सर्व्हर गेले तरी त्या त्या ठिकाणची एक्स्टेंशन आपसात चालतात आणि गावातली बाहेरची लाइन चालते, असं असलंच पाहिजे. म्हणूनच स्थानिक एक्स्चेंज काढू नका असं सुरुवातीला म्हटलं.

एक वाट बंद असेल तर कॉल दुसऱ्या वाटेने कधी पाठवायचा?

हे परतलेल्या कारणावर ठरतं, आणि बहुतेक ठिकाणी ते धडाधड ‘कुठलीही चूक आली की पुढची वाट’ असं लावलेलं असतं. ५०३ म्हणजे सेवा उपलब्ध नाही, ४०८ म्हणजे उत्तरच नाही : इथे दुसरी वाट बरोबर. पीआरआयवर चॅनेल मोकळं नसेल तर ३४ क्रमांकाचं कारण येतं आणि गेटवे त्याचं ५०३ करतो, तेही ठीक. पण ४८६ म्हणजे माणूस दुसऱ्या फोनवर बोलतो आहे. तो दुसऱ्या वाटेनेही बोलतच असणार. इथे पुढची वाट लावलीत तर तोच कॉल बाहेरच्या लाइनीवरून फिरून पैसे खर्चून परत ‘एंगेज’ ऐकवतो. ४०४, म्हणजे असा नंबरच नाही, यालाही तेच लागू.

कॉल गोल गोल फिरतो म्हणतात ते काय?

नागपूरचा ४२१७ वापरणारा माणूस नोकरी सोडून गेला. तिथल्या कुणीतरी व्यवस्थित काम म्हणून ते एक्स्टेंशन काढून टाकलं. आता चाकणहून ८७१४२१७ आला. मधला सर्व्हर म्हणतो ८७१ म्हणजे नागपूर. नागपूर म्हणतं ४२१७ माझं नाही, आणि जे माझं नाही ते मधल्या सर्व्हरकडे. सर्व्हर म्हणतो नागपूर. चालू.

शुद्ध एसआयपीत याला लगाम आहे. कॉलबरोबर मॅक्स-फॉरवर्ड्स नावाचा आकडा जातो, शिफारस ७० ची, दर टप्प्याला एकने कमी होतो, संपला की ४८३ देऊन कॉल मरतो. खरा धोका मध्ये पीआरआय असेल तिथे, म्हणजे असं काढून टाकलेलं एक्स्टेंशन चाकणचं असेल तर. गेटवे प्रत्येक फेरीला कॉल नव्याने बनवतो, ७० पुन्हा ७० पासून सुरू होतात, आणि प्रत्येक फेरी चॅनेल खात जाते. बघता बघता तीसच्या तीस चॅनेल एका मेलेल्या एक्स्टेंशनने अडवलेले. चाकणमधून बाहेर फोन लागत नाही आणि लाइन देणारी कंपनी सांगते की आमच्याकडून सगळं ठीक आहे, जे खरंच असतं.

उपाय दोन, दोन्ही करा. नागपूरला सांगा की ४००० ते ४९९९ हे सगळं तुझंच आहे, वापरात असो वा नसो, बाहेर पाठवू नकोस, घोषणा ऐकव. आणि मधल्या सर्व्हरला सांगा की ज्या दारातून कॉल आला त्याच दारातून परत पाठवू नकोस.

भारतात हे कायद्याने चालतं का?

ठिकाणांमधले आपसातले कॉल आपल्या खासगी नेटवर्कवरून न्यायला हरकत नसते. प्रश्न तो कॉल सार्वजनिक टेलिफोन नेटवर्कला भिडवला की येतो. नागपूरच्या माणसाचा फोन आयपीवरून मुंबईला आणायचा आणि तिथल्या पीआरआयवरून मुंबईच्या ग्राहकाला लोकल म्हणून लावायचा, हा टोल बायपास. तो चालत नाही. अशीच बंदी दुसऱ्या बाजूने : बाहेरून आलेला कॉल खासगी नेटवर्कवरून दुसऱ्या शहरात नेऊन परत बाहेर सोडणं.

कॉल सेंटरांसाठीचे नियम दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा २३ जून २०२१ ला बरेच सैल केले. नोंदणीची अट गेली, देशी आणि परदेशी केंद्र हा भेद गेला. टोल बायपासची मनाई मात्र गेली नाही. २०२१ ची बातमी वाचून ‘आता सगळं चालतं’ असं समजणारे बरेच आहेत.

तेव्हा राउटिंगच्या तक्त्यात ठिकाण ही अट पहिल्या दिवसापासून ठेवा. सिस्कोच्या कॉल मॅनेजरमध्ये यासाठी लॉजिकल पार्टिशनिंग आहे, टीम्समध्ये लोकेशन-बेस्ड राउटिंग. विसरायला होतात ती ट्रान्सफर आणि कॉन्फरन्स. साधा कॉल अडतो, पण आधी आतल्या माणसाला लावून मग बाहेरचा जोडला की अटीतून निसटतो. चाकण आणि हिंजवडी तुम्हाला ‘पुणेच’ वाटत असतील, पण एसटीडी कोड वेगळे आहेत. लाइन एकत्र करण्याआधी सेवा देणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या. सेल्सवाल्याचा ‘होतं हो सर’ पुरत नाही.

मग लाइन एकत्र केल्याने बचत कुठे होते?

एकाच शहरात चांगली होते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने १९१७ मध्ये मांडलेलं गणित आजही वापरतात. समजा हिंजवडी आणि हडपसर दोन्हीकडे गर्दीच्या तासाला प्रत्येकी १० एर्लांग भार आहे, म्हणजे सरासरी दहा लाइन सतत व्यापलेल्या. शंभरात एकापेक्षा जास्त कॉल ‘लाइन व्यस्त’ होऊ नये तर प्रत्येकाला १८ चॅनेल लागतात, एकूण ३६. दोघांचा भार एकत्र केला, तर २० एर्लांगला ३० पुरतात. छत्तीससाठी दोन पीआरआय लागतात, तीससाठी एक. पण मग ती एक पीआरआय तुटली की दोन्ही कार्यालयं बंद, हे हिशेबात लिहून व्यवस्थापनाला दाखवा.

बँक किंवा वित्तसंस्थेला वेगळं काही?

हो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की ग्राहकांना व्यवहाराचे आणि सेवेचे फोन १६०० मालिकेच्या नंबरांवरून करा, जाहिरातीचे १४० च्या मालिकेवरून. म्हणजे बाहेर जाणारा कॉल कुठल्या ट्रंकवर सोडायचा हे फक्त कुठे जातोय यावर नाही, कशासाठी जातोय यावरही ठरतं. पाच एक्स्चेंजमध्ये हे वेगवेगळं सांभाळणं अवघड आहे. मधल्या सर्व्हरवर विभागानुसार दोन नियम लिहायचे असतात.

११२ चं काय करायचं?

मधल्या सर्व्हरकडे जाऊच देऊ नका. चाकणमध्ये आग लागली, कुणी १०१ फिरवलं आणि कॉल मुंबईच्या पीआरआयवरून सुटला, तर मुंबईचं अग्निशमन दल फोन उचलेल. ११२, १००, १०१, १०८ हे नंबर त्या त्या ठिकाणच्या स्थानिक लाइनीवरूनच गेले पाहिजेत, लाइनीचा शून्य लावून आणि न लावताही. ११२ ने सुरू होणारं चार आकडी एक्स्टेंशन कुठेही असता कामा नये, नाहीतर एक्स्चेंज चौथ्या आकड्याची वाट पाहत बसेल. आणि ‘लाइन बंद’ असलेल्या फोनलाही, म्हणजे गेटवरच्या वॉचमनच्या फोनलाही, हे नंबर लागलेच पाहिजेत.

कंपनीचं अमेरिकेत कार्यालय असेल तर तिथे हा कायदाच आहे. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासमधल्या मार्शल गावच्या हॉटेलात कारी हंट यांच्यावर हल्ला झाला. त्यांची लहान मुलगी ९११ हा तिथला आणीबाणीचा नंबर लावत राहिली, पण हॉटेलच्या एक्स्चेंजला आधी ९ हवा होता, म्हणून फोन गेलाच नाही. कारी हंट वाचल्या नाहीत. त्यांच्या नावाचा कारीज लॉ १६ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. अनेक फोनांच्या नव्या सिस्टीममधून कुठलाही आकडा आधी न लावता ९११ लागलं पाहिजे, आणि कॉल झाल्याची सूचना ठरवलेल्या जबाबदार माणसाकडे गेली पाहिजे. पुण्यात बसून न्यू जर्सीचा डायल प्लॅन लिहिणारे आपले बरेच इंजिनिअर आहेत. भारतीय साचा तसाच उचलून तिथे लावू नका.

टीम्स यात कसं बसवायचं?

प्रमाणित सेशन बॉर्डर कंट्रोलर लागतो, त्याला सार्वजनिक नाव आणि मान्य संस्थेचं सर्टिफिकेट. संदेश टीएलएसने आणि आवाज एसआरटीपीने कूटबद्ध. टीम्स अधिक चिन्हासकट पूर्ण नंबर पाठवतं, म्हणून वहीत ई.१६४ नोंदी नसतील तर इथे अडाल. सर्टिफिकेटची मुदत संपण्याची तारीख मात्र कॅलेंडरमध्ये दोन माणसांच्या नावे टाका.

कुठलं उत्पादन घ्यावं?

बहुतेक ठिकाणं अव्हायाची असतील तर अव्हाया ऑरा सेशन मॅनेजर, सिस्कोची असतील तर कॉल मॅनेजरची सेशन मॅनेजमेंट एडिशन. मिश्र घर असेल तर ऑडिओकोड्सचा राउटिंग मॅनेजर किंवा रिबनचा पीएसएक्स यांच्याकडे बघा. हातात लिनक्स जाणणारी, टिकून राहणारी माणसं असतील तर कमैलिओ किंवा ओपनसिप्स हे मुक्त सॉफ्टवेअर फार मोठा भार सहज पेलतं. पण ती स्क्रिप्ट लिहिणारा माणूस गेला की तुम्ही आणि ती फाइल एकमेकांकडे बघत बसता. ॲस्टरिस्क चांगलं एक्स्चेंज आहे, मधला राउटर म्हणून नको. उत्पादनांमधला फरक विक्रेते सांगतात तेवढा मोठा नाही. चांगली वही कुठल्याही पेटीत चालते.

एका जागी आणल्याने चोरी सोपी होत नाही का?

होते, सगळी दारं एकाच दालनात उघडत असतील तर. चोर कमकुवत पासवर्डचं एक एक्स्टेंशन फोडतात आणि शनिवारी रात्री महागड्या परदेशी नंबरांवर कॉलचा मारा करतात. सोमवारी बिल समजतं. नागपूरच्या छोट्या ॲस्टरिस्कमधून शिरलेला माणूस आता मुंबईच्या आयएसडी लाइनीपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून परवानगी दारावर तपासा : नागपूरच्या ट्रंकवरून आलेल्याला आयएसडी नाही, विषय संपला. ज्यांना खरंच लागतो त्यांची देशांची यादी द्या. एसआयपीचा ५०६० पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवू नका, दिवसभर कुणी ना कुणी ते ठोकत असतं.

बदल कधी आणि कुठून सुरू करायचा?

आधी सर्वांत लहान ठिकाण, आणि पहिल्या टप्प्यात फक्त आपसातले कॉल. बाहेरच्या लाइनींना तेव्हा हात नको. मार्चअखेर, दिवाळीच्या आधीचा आठवडा आणि कारखान्यातली शिफ्ट बदलण्याची वेळ टाळा. जुनी ट्रंक तोडू नका, नियमांमध्ये खाली ढकलून ठेवा, म्हणजे परत जायला एक बदल पुरेल. चाचणीच्या यादीत बोर्डवर बसणाऱ्या ऑपरेटरला घ्या. कोण कोणाला, कुठल्या आडवाटेने फोन लावतं हे तिच्याइतकं कुठल्याही फाइलमध्ये लिहिलेलं नसतं.

बदलानंतर ‘मराठीसाठी १ दाबा’ म्हटल्यावर १ दाबला तरी काही होत नाही.

बटणाचा सूर एका टोकाला आवाजात जातोय, दुसरं टोक तो आरएफसी २८३३ च्या (आता ४७३३) वेगळ्या पॅकेटमध्ये शोधतंय. दोन्हीकडे तीच पद्धत लावा. एकाच बाजूचा आवाज ऐकू येत असेल तर मात्र फायरवॉल बघा : संदेश मधून जातो, आवाज थेट, आणि त्या थेट वाटेला कुणी परवानगीच दिलेली नसते.

फॅक्स?

वेगळ्या साध्या लाइनीवर राहू द्या.

बिलं आणि कॉलचे हिशेब एकत्र मिळतील का?

मिळतील, पण आधी सगळ्या एक्स्चेंजची घड्याळं एका वेळेला लावा. चाकणचं जुनं यंत्र दोन-चार मिनिटं मागे, मधला सर्व्हर यूटीसीवर म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि कंपनीचं बिल भारतीय वेळेत, असं असेल तर एकही नोंद दुसरीशी जुळत नाही. शिवाय मधला सर्व्हर एका कॉलच्या प्रत्येक प्रयत्नाची वेगळी ओळ लिहितो. पहिली वाट बंद, दुसरीवर लागला, की ओळी दोन. अकाउंट्सवाले त्या दोन कॉल म्हणून मोजतात. त्यांना फाइल देताना न लागलेल्या ओळी गाळून द्या, स्वतःकडे मात्र ठेवा. कुठली ट्रंक रोज सकाळी अकराला भरते ते त्याच ओळींतून दिसतं.